सर होरेस प्लंकेट आणि आयर्लंडच्या लोण्याची गोष्ट

प्रश्नकर्त्याने विचारले आहे की, व्हिक्टोरिया राणीच्या काळात जमीनदार, दूधधंद्यातला जाणकार आणि पार्लमेंटचा सभासद या तिन्ही भूमिका एकाच माणसाने निभावल्याचे एखादे उदाहरण आहे काय. असल्यास त्याचे आयुष्य प्रत्यक्षात कसे गेले. आणि त्याच्या कामाचा गोठ्यातल्या माणसाला खरोखर उपयोग झाला, की ती बड्या घरची हौस होती. मी एका तालुका दूध संघात एकतीस वर्षे काम केले, त्यातली पहिली नऊ वर्षे संकलनावर आणि पुढची प्रक्रिया विभागात. त्यामुळे या प्रश्नाकडे मी इतिहासाचा अभ्यासक म्हणून न पाहता दुधाच्या हिशेबातला माणूस म्हणून पाहतो. माझ्या मते या वर्णनाला सर्वांत जवळ जाणारा माणूस म्हणजे आयर्लंडचे सर होरेस प्लंकेट. एक गोष्ट आधीच सांगतो: ते स्वतः धारा काढणारे गवळी नव्हते. पण गाईच्या आचळापासून लंडनच्या किराणा दुकानापर्यंत दुधाचे काय होते आणि त्या वाटेवर शेतकऱ्याचा पैसा नेमका कोठे गळतो, हे त्या काळातल्या फार थोड्या जमीनदारांना त्यांच्याइतके कळले होते.

प्लंकेट यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८५४ चा. मीथ काउंटीतील डनसेनी येथील सोळाव्या बॅरनचे ते तिसरे चिरंजीव. घराणे जुने, किल्ल्यात राहणारे, प्रॉटेस्टंट आणि इंग्रजी राजवटीशी एकनिष्ठ. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्ड येथे झाले, म्हणजे त्या वर्गातल्या मुलाचे जसे व्हायचे तसेच. शिक्षण संपवून घरी आल्यावर १८७८ मध्ये त्यांनी डनसेनीत कुळांसाठी एक सहकारी दुकान काढले. चोवीस वर्षांच्या जमीनदारपुत्राने कुळांना भांडवलदार करू पाहावे हे तेव्हा विचित्रच वाटले असणार. आयर्लंडमधल्या जमीनदाराचे कुळाशी नाते म्हणजे खंड, थकबाकी आणि घराबाहेर काढण्याची नोटीस एवढेच होते. १८४५ ते १८४९ च्या बटाट्याच्या दुष्काळाची आठवण ताजी होती आणि १८७९ पासून तर जमीनदारांविरुद्धचे उघड आंदोलनच पेटले.

घरात क्षयरोगाचा इतिहास होता. कोरड्या हवेसाठी म्हणून प्लंकेट १८७९ मध्ये अमेरिकेतील वायोमिंगला गेले आणि पुढची दहा वर्षे पावडर नदीच्या खोऱ्यात गुरांच्या कळपांचा धंदा करीत राहिले. तेथील गुरे मांसासाठी पाळलेली होती, दुधासाठी नव्हे. पण १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फाने त्या सगळ्या प्रदेशातली जनावरे अक्षरशः उभ्या-उभ्या मेली आणि अनेक श्रीमंत युरोपीय मालकांचे दिवाळे वाजले. उघड्या माळावर गुरे सोडायची, चारा साठवायचा नाही आणि बाजार तेजीत राहील असे धरून चालायचे, या पद्धतीचा शेवट त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिला. पुढे ते शेतीतल्या धंद्याच्या अंगावर इतका भर देत राहिले त्याचे मूळ मला वायोमिंगमध्ये दिसते. १८८९ मध्ये वडील वारले आणि ते आयर्लंडला परतले.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे लोण्याकडे येऊ. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण तो समजल्याशिवाय या माणसाचे आयुष्य समजत नाही.

त्या काळी आयर्लंडमध्ये, विशेषतः दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात, प्रत्येक घरी लोणी होई. दूध उथळ परातींत ओतून थंड जागी एक-दीड दिवस ठेवायचे, वर आलेली साय काढायची, काही दिवसांची साय साठली की घुसळायची, मीठ भरपूर मळायचे आणि लोणी लाकडी पिंपात दाबून भरायचे. पिंप भरायलाच कित्येक आठवडे लागत, त्यामुळे एकाच पिंपात तळाचे लोणी एका चवीचे आणि वरचे दुसऱ्याच चवीचे असे. हा माल कॉर्कच्या लोणी बाजारात जाई, तेथे त्याची प्रत ठरे आणि जहाजाने तो दूरदूर जाई. लांबच्या समुद्रप्रवासाला खारट लोणी बरे, म्हणून शंभर वर्षे हे छान चालले. पण इंग्लंडमधील कारखान्यांच्या शहरांत मजुरांच्या हाती पैसा आला, आगबोट आणि रेल्वे आली, आणि दुकानदार वेगळे मागू लागला: कमी खारट, दर आठवड्याला येणारे, आणि या खेपेला जसे तसेच पुढच्या खेपेलाही असणारे लोणी. घरोघरच्या हजारो रव्यांतून असे एकसारखे लोणी निघणे शक्यच नव्हते.

हीच संधी डेन्मार्कने साधली. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांचे सेपरेटर यंत्र १८७८ चे. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी १८८२ मध्ये येडिंग या गावी पहिली सहकारी क्रीमरी काढली, म्हणजे गावचे सगळे दूध एकत्र आणून यंत्राने साय वेगळी करून लोणी काढणारा सामाईक कारखाना. शिवाय त्यांनी गाई हिवाळ्यात वितील अशी आखणी केली आणि साठवलेल्या वैरणीवर बारमाही दूध घेतले. आयर्लंडच्या गाई मात्र वसंतात व्यायच्या आणि हिवाळ्यात भाकड राहायच्या. वर्षातले काही महिने माल नाही म्हटल्यावर दुकानदार तुमची वाट का पाहील?

सेपरेटरचे महत्त्व आकड्यांत सांगतो. शंभर किलो गाईच्या दुधात ३.८ टक्के फॅट धरली तर ३.८ किलो स्निग्धांश होतो. परातीत साय वर येऊ दिली तर खाली राहिलेल्या दुधात अर्धा टक्का, कधी त्याहून जास्त फॅट तशीच राहते. म्हणजे अर्धा किलो स्निग्धांश वासरांना आणि डुकरांना पाजला जातो. चांगल्या चालणाऱ्या सेपरेटरमधून निघालेल्या दुधात ती एक दशांश टक्क्याच्या आत येते. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो हे लक्षात घेतले, तर त्याच शंभर किलो दुधातून अर्धा किलो लोणी नुसत्या यंत्रामुळे जास्त मिळते. ज्याच्या घरी चार गाई आहेत त्याच्यासाठी हा फरक म्हणजे वर्षाच्या खंडातला मोठा वाटा. परंतु वाफेवर चालणारे यंत्र, बॉयलर, इमारत आणि विहीर एवढा खर्च चार गाईवाला करू शकत नाही. मग यंत्र बसवणार कोण? आयर्लंडमध्ये ते खासगी भांडवलदार बसवू लागले होते, आणि त्यांनी दिलेला भाव हाच भाव होऊ लागला होता.

प्लंकेट यांची बाजू येथे सुरू होते. त्यांचे म्हणणे असे की, यंत्र शेतकऱ्याचेच असले पाहिजे. १८८९ मध्ये लिमरिक काउंटीतील ड्रमकॉलॉगर येथे आयर्लंडची पहिली सहकारी क्रीमरी सुरू झाली. त्यांना साथ देणाऱ्यांत लॉर्ड मॉन्टीगल हे जमीनदार होते, आर. ए. अँडरसन हे पुढे चळवळीचे प्रमुख संघटक झालेले गृहस्थ होते, आणि फादर टॉमस फिनले हे जेझुइट पाद्री व अर्थशास्त्रज्ञ होते. प्रॉटेस्टंट जमीनदार आणि कॅथलिक धर्मगुरू एकाच व्यासपीठावर शेजारी बसून लोण्याविषयी बोलत आहेत, हे दृश्य तेव्हाच्या आयर्लंडमध्ये नवलाचेच होते.

काम मात्र जिवावर येणारे होते. पहिली काही वर्षे प्लंकेट आणि अँडरसन गावोगाव सभा घेत फिरले, आणि पन्नासएक सभांनंतर कोठे एक संस्था उभी राहिली असे या चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. प्लंकेट वक्ते म्हणून सामान्यच होते. आवाज बारीक, बोलण्यात अडखळणे. माझ्या अनुभवात दूध संस्था काढण्यासाठी फड गाजवणारा वक्ता लागतही नाही, चौथ्या सभेला पुन्हा येणारा माणूस लागतो, आणि तो गुण त्यांच्याकडे भरपूर होता. अँडरसन यांनी सांगितलेला रॅथकील गावचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. तेथे सगळे ठरत आले असताना गावचे वकील उठले आणि म्हणाले की, रॅथकील हे कट्टर राष्ट्रवादी गाव आहे. या क्रीमरीत निघणारे लोण्याचे प्रत्येक पौंड राष्ट्रवादी तत्त्वांवरच निघाले पाहिजे, नाहीतर ते निघणारच नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सभा तेथेच संपली. आपल्याकडे संघाच्या निवडणुकीत पॅनेलचा रंग दुधाच्या कॅनला लागतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या किश्शाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

विरोध मुख्यतः तीन ठिकाणांहून होता. लोण्याचे व्यापारी आणि अडत्ये यांचा विरोध समजण्यासारखा आहे. दुसरा विरोध गावच्या दुकानदार-सावकाराचा. तो शेतकऱ्याला उधारीवर बी, पीठ आणि खत देई, व्याज लावी आणि मालही स्वतःच उचली. हाच वर्ग स्थानिक राजकारणाचा कणा असल्यामुळे राष्ट्रवादी पक्षाच्या पुढाऱ्यांना त्याला दुखवणे परवडत नव्हते. तिसरा विरोध पुढाऱ्यांचा स्वतःचा: शेतकऱ्याचे पोट भरले तर तो जमिनीसाठी आणि स्वराज्यासाठी लढेल काय, अशी शंका जॉन डिलन यांच्यासारख्यांना होती. त्या शंकेत काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही; होमरूलची, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्याची, मागणी सौम्य उपायांनी शमवावी असा सरकारचा बेत त्या वेळी होताच आणि प्लंकेट हे युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहावे या मताचे होते.

आणखी एक नुकसान झाले, आणि त्याची तक्रार करायला कोणी व्यासपीठावर आले नाही. घरचे लोणी बायका काढत. लोण्याचा आणि अंड्यांचा पैसा पुष्कळ घरांत बाईच्या हातात असे. दूध क्रीमरीत जाऊ लागले, बिल पुरुषाच्या नावावर निघू लागले, आणि घरातली ती कमाई गेली. आपल्याकडे संस्थेचे सभासदत्व आणि पासबुक नवऱ्याच्या नावावर, पण शेण काढणे, वैरण आणि धारा बायकोकडे, ही तीच गोष्ट आहे. प्लंकेट यांच्या संघटनेने पुढे कुक्कुटपालन संस्था आणि गृहउद्योग संस्था काढल्या, पण माझ्या मते गेलेल्याची भरपाई त्यातून पुरती झाली नाही.

क्रीमरीच्या दारातले दृश्य एकदा डोळ्यांपुढे आणा. सकाळी गाढवांच्या आणि घोड्यांच्या गाड्या रांगेत उभ्या, प्रत्येकीत दुधाचे एक-दोन कॅन. व्यवस्थापक कॅनचे झाकण उघडतो, वास घेतो, दूध वजनकाट्यावरच्या टाकीत ओततो, वहीत आकडा लिहितो. पलीकडच्या दारातून त्याच शेतकऱ्याला त्याच कॅनमध्ये साय काढलेले दूध परत मिळते, जे तो वासरांना आणि डुकरांना घालतो. आता यात खोड कोठे आहे? वजनावर पैसे मिळत असतील तर पाणी घालणाऱ्याचा फायदा आणि चांगल्या गाईवाल्याचा तोटा. सुरुवातीला नेमके असेच होत असे. १८९० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे स्टीफन बॅबकॉक यांनी गंधकाम्लाच्या साहाय्याने दुधातील फॅट काही मिनिटांत मोजण्याची सोपी पद्धत दिली, पाठोपाठ स्वित्झर्लंडचे निकलाउस गर्बर यांची पद्धत आली, आणि फॅटवर भाव देणे व्यवहारात शक्य झाले. सहकारी क्रीमरी नुसत्या सद्भावनेवर टिकली नसती. तिला टिकवणारी गोष्ट म्हणजे ही काचेची छोटी नळी. मी नोकरीला लागलो त्या वर्षी आमच्या एका संकलन केंद्रावर बुटिरोमीटर, म्हणजे फॅट मोजण्याची हीच नळी, नीट गरम न करताच वाचला जात असे, त्यामुळे फॅट कमी दिसे. एक म्हातारे सभासद रोज तीनला येऊन भांडत आणि सगळे त्यांना भांडखोर म्हणत. पासष्ट अंशांच्या पाण्यात नळ्या पाच मिनिटे ठेवून पुन्हा वाचल्यावर त्यांचा आकडा चार दशांशांनी वाढला. त्यानंतर त्यांनी भांडण बंद केले आणि मला मात्र कायमची धास्ती लागली.

१८९१ पर्यंत आयर्लंडमध्ये सतरा संस्था उभ्या राहिल्या. सर्वांना एकत्र बांधण्यासाठी १८९४ मध्ये आयरिश कृषी संघटन संस्था स्थापन झाली आणि प्लंकेट तिचे अध्यक्ष झाले. त्याआधी १८९३ मध्ये लिमरिक येथे एकत्रित विक्रीसाठी एक एजन्सी काढण्यात आली होती, कारण नुसते चांगले लोणी काढून भागत नाही, पन्नास क्रीमऱ्यांनी एकमेकींचा भाव पाडू नये याचीही तजवीज लागते. इंग्लंडमधील ग्राहक सहकारी संघाने सुरुवातीला मदत केली, पण पुढे तोच आयर्लंडमध्ये स्वतःच्या क्रीमऱ्या काढू लागला. ग्राहकाच्या सहकाराला स्वस्त लोणी हवे असते आणि उत्पादकाच्या सहकाराला चांगला भाव. नाव एकच असले तरी हितसंबंध दोन असतात. प्लंकेट यांनी उत्पादकाची बाजू घेतली. १९०३ च्या अखेरीस एकूण संस्थांची संख्या आठशेच्या वर गेली होती. त्यात सुमारे ३६० दूध संस्था, सुमारे दोनशे ग्रामीण पतसंस्था आणि उरलेल्या बी-खते, कुक्कुटपालन व गृहउद्योगाच्या होत्या. सभासद ऐंशी हजारांच्या आसपास होते.

या संघटनेचे साप्ताहिक आयरिश होमस्टेड १८९५ मध्ये सुरू झाले. पुढे कवी आणि चित्रकार जॉर्ज रसेल, जे ए. ई. या नावाने लिहीत, त्याचे संपादक झाले. त्याआधी हे कवी सायकलवरून खेड्यांत फिरून पतसंस्था काढत होते, आणि त्यांना या कामावर घ्या अशी शिफारस डब्ल्यू. बी. येट्स यांनी केली होती. जेम्स जॉइस यांच्या पहिल्या काही कथा १९०४ मध्ये याच साप्ताहिकात आल्या, म्हणजे सेपरेटरच्या आणि खतांच्या मजकुराच्या सोबतीने. दुधाच्या मासिकांत असे लेखक आम्हाला कधी मिळाले नाहीत, याची थोडी असूया वाटते.

आता राजकारण. प्लंकेट १८९२ मध्ये दक्षिण डब्लिन काउंटीतून युनियनिस्ट म्हणून पार्लमेंटवर निवडून आले. पक्षापेक्षा त्यांना कायदा हवा होता: शेतीसाठी स्वतंत्र सरकारी खाते. १८९५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहून सुचवले की, पार्लमेंटच्या सुट्टीच्या काळात सर्व पक्षांच्या आयरिश सभासदांनी एकत्र बसून, स्वराज्याचा वाद बाजूला ठेवून, शेती आणि उद्योगासाठी काय करता येईल ते ठरवावे. राष्ट्रवाद्यांच्या मोठ्या गटाचे पुढारी जस्टिन मॅकार्थी यांनी नकार दिला, कडव्या युनियनिस्टांचे कर्नल सॉंडरसन यांनीही नकार दिला, पण राष्ट्रवाद्यांच्या लहान गटाचे पुढारी जॉन रेडमंड आले. या समितीचा अहवाल १८९६ चा, त्यावरून कायदा १८९९ चा, आणि १९०० मध्ये शेती व तांत्रिक शिक्षण खाते सुरू झाले. नावाला अध्यक्ष आयर्लंडचे मुख्य सचिव, पण प्रत्यक्ष कारभार उपाध्यक्ष प्लंकेट यांच्याकडे. या खात्याबरोबर १०४ सभासदांचे कृषी मंडळ होते आणि त्यातले दोन तृतीयांश सभासद काउंटी परिषदांनी निवडून दिलेले. सरकारी खात्याला शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर दरवर्षी हिशेब द्यायला लावणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

आणि त्याच वर्षी त्यांची खासदारकी गेली. खात्याच्या सचिवपदासाठी त्यांनी टी. पी. गिल यांना निवडले. गिल हे लायक होते, पण पूर्वी राष्ट्रवादी पुढारी पार्नेल यांच्या पक्षाचे खासदार होते. एवढ्यावरून डब्लिनचे युनियनिस्ट चवताळले, त्यांनी प्लंकेट यांच्याविरुद्ध दुसरा युनियनिस्ट उभा केला, मते फुटली आणि जागा राष्ट्रवाद्यांना गेली. पुढच्या वर्षी गॉलवेच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले आणि आर्थर लिंच यांच्याकडून हरले. लिंच हे दक्षिण आफ्रिकेत बोअरांच्या बाजूने ब्रिटिशांविरुद्ध लढलेले, आणि पुढे त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. गॉलवेच्या मतदारांनी दुधापेक्षा तो संदेश मोठा मानला, एवढेच म्हणता येईल.

पार्लमेंटमध्ये जागा नसताना प्लंकेट सात वर्षे खाते चालवत राहिले, आणि विरोधकांनी ते दरवेळी काढून दाखवले. त्यात १९०४ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले आणि कॅथलिक चर्चच्या शिकवणीचा लोकांच्या आर्थिक स्वभावावर काय परिणाम झाला असावा यावर काही पाने खर्ची घातली. हेतू वाईट नव्हता, पण ज्या धर्मगुरूंच्या ओसरीवर बसून क्रीमऱ्या उभ्या केल्या त्यांनाच हे लिहायचे म्हणजे आपल्याच गोठ्याला काडी लावण्यासारखे होते. पुढे त्याला पुस्तकरूपाने उत्तर आले. माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी चूक, आणि ती करण्याची त्यांना काही गरज नव्हती. १९०७ मध्ये त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या टी. डब्ल्यू. रसेल यांनी सहकारी संघटनेचे सरकारी अनुदान बंद केले.

शेतीचे काम तीन अंगांचे आहे, असे प्लंकेट सांगत असत: शेती सुधारा, शेतीचा धंदा सुधारा, शेतकऱ्याचे जगणे सुधारा. सरकारने पहिले करावे, दुसरे शेतकऱ्यांनी स्वतः संघटित होऊन करावे, आणि तिसरे त्यातून यावे. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी त्यांची मैत्री होती, आणि १९०८ च्या अमेरिकी ग्रामजीवन आयोगामागे या विचारांचा वाटा होता. त्याच वर्षी चाहत्यांनी वर्गणी काढून डब्लिनच्या मेरियन चौकातील ८४ क्रमांकाचे घर चळवळीला दिले; ते प्लंकेट हाउस म्हणून ओळखले गेले.

पुढचा काळ व्हिक्टोरिया राणीनंतरचा, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १९१७-१८ मध्ये आयर्लंडच्या भवितव्यावर तोडगा काढण्यासाठी भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. ती निष्फळ ठरली. १९२० मध्ये ब्रिटिश सुरक्षा दलांनी बंडखोरांच्या हल्ल्यांचा सूड म्हणून गावोगावच्या क्रीमऱ्या जाळल्या, त्यांत स्लायगो काउंटीतल्या टबरकरी आणि अकॉनरी येथील क्रीमऱ्या होत्या. क्रीमरीच का? कारण गावात सामाईक मालकीची, मोठी आणि जाळल्यावर सगळ्यांना झळ पोहोचेल अशी तीच एक इमारत असे. पूर्वी युनियनिस्ट असलेल्या आणि तोवर साम्राज्यात राहूनच आयर्लंडला स्वराज्य मिळावे या मताच्या झालेल्या प्लंकेट यांच्यावर आपल्याच सरकारकडे चौकशीची आणि भरपाईची मागणी करण्याची वेळ आली. १९२२ मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या सिनेटवर त्यांची नेमणूक झाली, आणि ते पद स्वीकारल्याबद्दल जानेवारी १९२३ मध्ये ब्रिटनशी झालेल्या तहाला विरोध करणाऱ्या बंडखोरांनी डब्लिनजवळच्या फॉक्सरॉक येथील त्यांचे किल्टेरा हे घर उद्ध्वस्त केले. ते तेव्हा अमेरिकेत होते. क्रीमऱ्या एका बाजूने जाळल्या, घर दुसऱ्या बाजूने. त्यानंतर ते इंग्लंडमध्ये वेब्रिज येथे राहायला गेले.

भारताशी असलेला संबंध प्रश्नात विचारलेला नाही, तरी एक-दोन खऱ्या धाग्यांचा उल्लेख करतो. आपला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा जर्मनीच्या रायफायझन पद्धतीवर बेतला होता, दुधावर नव्हे. त्यामुळे महाराष्ट्रात सहकार आधी कर्जाच्या रूपाने आला आणि दुधाच्या रूपाने फार उशिरा. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या सहकारावरील लिखाणावर मात्र ए. ई. यांच्या विचारांची छाप होती. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी मुंबईला जाणारे दूध रोखले तेव्हाचा प्रश्न ड्रमकॉलॉगरचाच होता: यंत्र आणि बाजार दुसऱ्याच्या हातात असताना दुधाचा भाव कोण ठरवणार? प्लंकेट यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाने १९२४ मध्ये वेम्ब्ली येथे साम्राज्यातल्या सहकारी शेतीवर परिषद भरवली होती.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, की ही हौस होती काय. हौसेचा जमीनदार संगमरवरी फरशीची डेअरी बांधतो, पाहुण्यांना दाखवतो आणि प्रदर्शनात गाईला बिल्ला मिळवतो. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा डेअऱ्या होत्या आणि त्यांतल्या काही फार सुंदर आहेत. प्लंकेट यांच्या नावावर अशी एकही डेअरी नाही. त्यांच्या क्रीमऱ्या पत्र्याच्या छपराच्या, बॉयलरच्या धुराने काळ्या झालेल्या आणि दुसऱ्यांच्या मालकीच्या होत्या. लग्न केले नाही. १८८१ पासून त्यांनी रोज डायरी लिहिली, ती अखेरपर्यंत. पंचाहत्तरीच्या सुमारास ते विमान चालवायला शिकले. २६ मार्च १९३२ रोजी वेब्रिज येथे ते वारले, तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या चळवळीतल्या कित्येक क्रीमऱ्या पुन्हा बांधून सुरू झालेल्या होत्या आणि सकाळच्या गाड्या रांगेत उभ्या राहत होत्या.